निदानानंतरचे गर्भारपण : एका प्रतीक्षेचा इतिहास आणि तिची कथनरूपे

महाभारताच्या सौप्तिकपर्वात अश्वत्थाम्याचे अस्त्र पांडवस्त्रियांच्या गर्भांकडे वळते, तेव्हा उत्तरेच्या उदरातील गर्भाचे भवितव्य योद्धे आणि ऋषी यांच्या संवादात ठरते. मूल मृतावस्थेत जन्माला येईल आणि नंतर जिवंत होईल, असे कृष्ण तेथे सांगतो. उत्तरा त्या ठिकाणी उपस्थित नाही. पुढे आश्वमेधिकपर्वात मूल निश्चेष्ट जन्मते, कुंती आणि सुभद्रा कृष्णाला साकडे घालतात आणि उत्तरा विलाप करते. या दोन प्रसंगांच्या दरम्यान काही महिने गेलेले आहेत. त्या काळातील उत्तरेचे दुःख महाकाव्य सांगते ते इतरांच्या आधाराने : स्त्रीपर्वात गांधारी तिचा अभिमन्यूसाठीचा शोक वर्णन करते, आश्वमेधिकपर्वात अन्न टाकलेल्या उत्तरेची समजूत व्यास घालतात. गर्भावर आघात झालेला आहे हे ठाऊक असताना तो पोटात वाढवीत राहणे म्हणजे काय, हे मात्र तिच्या स्वतःच्या शब्दांत येत नाही.

कृष्णाच्या हस्तक्षेपामुळे परीक्षित वाचला आणि ती प्रतीक्षा कथेत दुय्यम ठरली. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वैद्यकाने ही प्रतीक्षा असंख्य स्त्रियांच्या वाट्याला आणली. मूल जगणार नाही हे चौथ्या-पाचव्या महिन्यात कळते, आणि तरीही गर्भारपण पुढे चालू राहते. कधी स्त्रीच्या निर्णयाने, कधी कायद्याने तिच्यापुढे दुसरा मार्ग न ठेवल्यामुळे. बाहेरून पाहता दोन्ही गर्भारपणे सारखीच दिसतात, परंतु त्यांतून निर्माण झालेले लेखन सारखे नाही. एका परिस्थितीत आठवणी आणि पत्रे लिहिली गेली, तर दुसरीत अर्ज, याचिका आणि प्रतिज्ञापत्रे. हा फरक वाङ्मयप्रकारांच्या अभ्यासकाला महत्त्वाचा वाटावा असा आहे, आणि त्याचे मूळ निदानतंत्र व कायदा यांच्या इतिहासात शोधावे लागते.

१. निदानापूर्वीचे जग

गर्भातील व्यंगाविषयीचे कुतूहल आणि भय प्राचीन आहे. इजिप्तमधील हर्मोपोलिस येथील पवित्र प्राण्यांच्या दफनस्थानात सापडलेली एक ममी वानराची मानली जात होती. फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ एतिएन जोफ्रवा सेंत-इलेर यांनी १८२६ साली ती मस्तिष्कहीन मानवी अर्भकाची असल्याचे दाखवून दिले. त्यांचे पुत्र इझिदोर यांनी १८३० च्या दशकात अशा जन्मांच्या शास्त्राला ‘टेरॅटॉलॉजी’ हे नाव दिले. ज्या अर्भकाला प्राचीन समाजाने प्राण्यांच्या सोबतीला, पण विधिपूर्वक पुरले, त्याला एकोणिसाव्या शतकाने वर्गीकरणाच्या तक्त्यात स्थान दिले. मातेविषयी या दोन्ही नोंदी मौन पाळतात.

भारतीय परंपरेत सुश्रुतसंहिता गर्भवतीच्या इच्छा डावलल्यास कुबडे, पांगळे किंवा नेत्रहीन मूल होते असे मानते. मराठीतील ‘डोहाळे’ हा शब्द त्याच ‘दोहद’ संकल्पनेचा वारस आहे. या समजुतीत स्त्रीचे लाड पुरवण्याची तरतूद आहे, तशीच दोषाची एक जागाही आहे : मूल सदोष जन्मले तर काहीतरी राहून गेले, कोणाचे तरी चुकले. वनपर्वातील अष्टावक्राच्या आख्यानात ही चूक पित्याची आहे. गर्भातून आपला पाठदोष दाखवणाऱ्या मुलाला तो शाप देतो, आणि मूल आठ ठिकाणी वाकडे होऊन जन्मते. आदिपर्वातील गांधारी दोन वर्षे गर्भ वागवते आणि मांसाचा गोळा प्रसवते. त्यातून शंभर पुत्र घडतात, ही व्यासांची कृपा. महाकाव्यातील प्रत्येक विकृत किंवा मृत जन्माला असा उत्तरार्ध आहे. उत्तरार्ध नसलेल्या जन्मांचा विचार धर्मशास्त्राने केला. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात गर्भस्रावानंतर स्त्रीची शुद्धी जितके महिने गर्भ होता तितक्या रात्रींनी होते असे सांगितले आहे. दोन वर्षांच्या आत मृत झालेल्या मुलाचे दहन न करता ते गावाबाहेर ठेवावे, असाही निर्देश आहे. शोकाला येथे मोजमाप आहे, पण ते शुद्धाशुद्धतेच्या हिशेबातले आहे.

ख्रिस्ती युरोपातही अशा मुलांचे स्थान सीमेवरचेच राहिले. बाप्तिस्म्याविना मृत झालेल्या अर्भकांना आयर्लंडमध्ये पवित्र दफनभूमीत जागा मिळत नसे. ‘किलीन’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या वेगळ्या, बहुधा आडबाजूच्या जागी त्यांना पुरले जाई. फ्रान्समधील काही देवस्थानांत मृतजात मुलांना आणून, क्षणभर तरी श्वास परतावा आणि तेवढ्यात बाप्तिस्मा उरकावा, अशी प्रार्थना केली जाई. ‘रेपी’ म्हणजे उसंत हे त्या विधीचे नाव. क्षणभराच्या आयुष्यालाही अर्थ असतो, ही धारणा त्यामागे होती. विसाव्या शतकाच्या अखेरीस ती निराळ्या भाषेत पुन्हा प्रकट झाली.

मराठीच्या संदर्भात या पूर्वेतिहासातील एक घटना नोंदवणे आवश्यक आहे. आनंदीबाई जोशी यांचे पहिले मूल दहा दिवस जगले, तेव्हा त्या चौदा वर्षांच्या होत्या. वैद्यकाकडे वळण्यामागे हा अनुभव होता, असे त्यांचे चरित्रकार सांगत आले आहेत. १८८६ साली पेनसिल्व्हेनियातील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून पदवी घेताना त्यांनी आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हा प्रबंधविषय निवडला. ज्या शास्त्राला आपले मूल वाचवता आले नव्हते त्याच्या इतिहासाकडे एक माता अभ्यासक म्हणून वळते, ही घटना मराठी स्त्रियांच्या लेखनेतिहासात अनन्य आहे. मात्र आनंदीबाईंना त्यांचे दुःख जन्मानंतर भेटले. ते आधीच कळण्याची सोय त्या काळी नव्हती.

२. आधी कळण्याचे तंत्र

ग्लासगो येथील इयन डोनाल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा ध्वनिलहरींच्या साहाय्याने उदराची तपासणी करण्याविषयीचा शोधनिबंध ‘लॅन्सेट’मध्ये ७ जून १९५८ रोजी प्रसिद्ध झाला. शीर्षकापुरता पाहता त्याचा विषय उदरातील गाठी हा होता. गर्भ हा तपासल्या गेलेल्या अनेक गोष्टींपैकी एक होता. पुढील दीड दशकात चित्र बदलले. १९६० साली ट्रायसोमी १८ आणि ट्रायसोमी १३ या गुणसूत्रदोषांची ओळख पटली, १९६६ साली गर्भजलातील पेशींवरून गुणसूत्रे तपासणे शक्य झाल्याचे जाहीर झाले. १९७२ साली स्टुअर्ट कॅम्बेल आणि सहकाऱ्यांनी सतराव्या आठवड्यात सोनोग्राफीवर मस्तिष्कहीनतेचे निदान करून तो गर्भपात घडवून आणल्याची नोंद प्रसिद्ध केली.

कवटीचा घुमट आणि मेंदूचा मोठा भाग न बनणे, म्हणजे मस्तिष्कहीनता, ही गर्भधारणेच्या पहिल्या चार आठवड्यांतच घडणारी घटना आहे. बहुतेक स्त्रियांना तोवर आपण गरोदर असल्याची खात्रीही झालेली नसते. अशी मुले मृत जन्मतात किंवा जन्मानंतर काही तास, फार तर काही दिवस जगतात. फॉलिक अ‍ॅसिडमुळे चेतानलिकेच्या दोषांची पुनरावृत्ती ७२ टक्क्यांनी घटते, हे १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश चाचणीने सिद्ध केले. दोहदाच्या जुन्या कल्पनेत जो दोष नातेवाइकांचा होता, तो आता एका जीवनसत्त्वाच्या अभावात सापडू लागला. तथापि ‘काहीतरी राहून गेले’ हा स्त्रीच्या मनातील प्रश्न त्यामुळे मिटला नाही. उलट त्याला शास्त्राचा आधार मिळाला, असेही म्हणता येईल.

सर्वच निदाने मस्तिष्कहीनतेइतकी निश्चित नसतात, हेही लक्षात घ्यावे लागते. ट्रायसोमी १३ व १८ यांना दीर्घकाळ सरसकट प्राणघातक म्हटले गेले. कॅनडातील ऑन्टारियो प्रांताच्या नोंदींवर आधारलेल्या, २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मात्र जिवंत जन्मलेल्या अशा मुलांपैकी अनुक्रमे सुमारे २० आणि १३ टक्के मुले एक वर्षाहून अधिक जगल्याचे दिसले. म्हणजे ‘मूल जगणार नाही’ या वाक्यातही संभाव्यतेचे अनेक स्तर असतात, आणि ते ऐकणाऱ्या स्त्रीला त्यांपैकी कोणता सांगितला जातो यावर पुढचे पुष्कळ अवलंबून राहते.

या नव्या ज्ञानाने गर्भारपणाचा काळच बदलला. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ बार्बरा कॅट्झ रॉथमन यांनी १९८६ साली तपासणीच्या निष्कर्षाची वाट पाहणाऱ्या स्त्रियांच्या अवस्थेला सशर्त गर्भारपण अशा अर्थाची संज्ञा दिली : निष्कर्ष येईपर्यंत स्त्री स्वतःला माता मानण्याचे लांबणीवर टाकते. मानववंशशास्त्रज्ञ रेना रॅप यांनी १९९९ च्या आपल्या ग्रंथात अशा स्त्रियांना नैतिकतेच्या प्रदेशातील अग्रणी मानले, कारण ज्या निर्णयासाठी पूर्वसूरी नाहीत तो त्यांना घ्यावा लागतो. या दोघींचे लक्ष मुख्यतः निर्णयाच्या क्षणाकडे आहे. निर्णयानंतर येणाऱ्या महिन्यांचा वृत्तांत मात्र निराळ्या दिशेने आला.

३. निवड आणि तिचे लेखन

सिसिली सॉन्डर्स यांनी १९६७ साली लंडनमध्ये सेंट क्रिस्टोफर्स हॉस्पिस सुरू केले. बरे करणे शक्य नसले तरी काळजी घेणे शक्य असते, हे त्यामागचे तत्त्व. १९९७ साली बायरन कॅलहून आणि सहकाऱ्यांनी तेच तत्त्व जन्मापूर्वीच्या काळाला लावून प्रसवपूर्व हॉस्पिसची कल्पना मांडली. गर्भारपण चालू ठेवू इच्छिणाऱ्या दांपत्याला निदानाच्या दिवसापासून आधार द्यावा, प्रसूतीचा आराखडा आधी ठरवावा, मुलाला यंत्रांऐवजी आईच्या कुशीत ठेवावे, वेदना होऊ देऊ नयेत, नाव ठेवण्यास व निरोप घेण्यास अवकाश द्यावा, असे तिचे स्वरूप होते. त्या निबंधाच्या शीर्षकातच ही कल्पना गर्भपाताला उत्तर म्हणून सादर केली होती, हे नोंदवले पाहिजे. तिचा उगम वादाच्या एका बाजूला झाला, पण तिचा वापर त्या बाजूपुरता राहिला नाही.

याच परिसरात एक नवा लेखनप्रकार रुजला. एमी क्युबेलबेक यांचे ‘वेटिंग विथ गेब्रिएल’ (२००३) हे पुस्तक हृदयाची डावी बाजू अपुरी वाढलेल्या मुलाच्या प्रतीक्षेचे कथन आहे. शीर्षकातील वाट पाहणे मुलाची नव्हे, मुलासोबतची आहे. आत्मचरित्रात्मक कथनाला सामान्यतः शेवट ठाऊक नसलेल्या काळाचा आधार असतो. येथे शेवट पहिल्या प्रकरणातच कळलेला असतो, आणि कथनाला पुढे नेते ती दैनंदिन तपशिलांची नोंद : पाळणा घ्यावा की नाही, शेजारणीला काय सांगावे, मोठ्या भावंडांना कोणत्या शब्दांत समजवावे. २००५ साली कोलोरॅडोत सुरू झालेल्या एका संस्थेने अशा मुलांची छायाचित्रे विनामूल्य काढून देण्यासाठी छायाचित्रकारांचे जाळे उभारले. ही छायाचित्रेही याच लेखनाचा भाग मानावी लागतील. फ्रान्समधील देवस्थानांत मागितली जाणारी क्षणभराची उसंत येथे कॅमेऱ्याने दिली.

या लेखनाची पूर्वअट मात्र दृष्टिआड होऊ नये. १९७३ ते २०२२ या काळात अमेरिकेत गर्भपाताला घटनात्मक संरक्षण होते. ‘मी हे मूल वाढवले’ या विधानाला जे वजन आले ते ‘मला न वाढवण्याचीही मुभा होती’ या अनुच्चारित वाक्यामुळे. २४ जून २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते संरक्षण काढून घेतले. त्यानंतर ज्या राज्यांत असाध्य व्यंगाचाही अपवाद ठेवला गेला नाही, तेथे त्याच अनुभवाचे लेखन न्यायालयीन कागदपत्रांकडे झुकू लागले.

४. सक्ती आणि तिचे लेखन

आयर्लंडमध्ये १९८३ च्या आठव्या घटनादुरुस्तीने गर्भाला मातेइतकाच जीविताचा हक्क दिला. असाध्य व्यंगाचे निदान झालेल्या स्त्रीपुढे दोन मार्ग उरले : मूल वाढवणे किंवा इंग्लंडची वाट धरणे. २००७ साली मस्तिष्कहीन गर्भ असलेल्या, शासनाच्या देखरेखीखालील एका १७ वर्षांच्या मुलीला परदेशी जाण्यासाठी उच्च न्यायालयात जावे लागले. २०१६ साली संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीने अशाच एका स्त्रीच्या तक्रारीवर निर्णय देताना आयर्लंडची वागणूक क्रूर, अमानुष वा अपमानास्पद ठरवली. गर्भपातानंतर मायदेशी परतलेल्या त्या स्त्रीला अर्भकाची रक्षा तीन आठवड्यांनी कुरिअरने मिळाली, अशी नोंद त्या निर्णयात आहे. कोणत्याही कादंबरीने योजला असता तर बेतलेला वाटला असता असा हा तपशील एका अधिकृत दस्तऐवजात, कोणत्याही विशेषणाशिवाय येतो. २५ मे २०१८ च्या सार्वमताने आठवी दुरुस्ती रद्द झाली, आणि नव्या कायद्याने जन्मापूर्वी किंवा जन्मानंतर २८ दिवसांत मृत्यू संभवणाऱ्या स्थितीत गर्भपातास परवानगी दिली.

पोलंडचा प्रवास उलट दिशेने झाला. तेथे ४ नोव्हेंबर २०१६ च्या कायद्याने गंभीर व्यंग असलेले मूल जन्माला घालणाऱ्या कुटुंबास ४,००० झ्लॉटी एकरकमी देण्याची तरतूद केली. २२ ऑक्टोबर २०२० रोजी घटना न्यायाधिकरणाने गर्भाच्या व्यंगाच्या कारणावरून होणारा गर्भपात घटनाबाह्य ठरवला. प्रसवपूर्व हॉस्पिस तेथेही होती. पण जी सेवा अन्यत्र निवडीला साथ देते, ती निवड काढून घेतल्यावर त्या निर्णयाचे समर्थन म्हणून पुढे केली जाते, आणि मग तिचा आधार मनापासून हवा असलेल्या स्त्रीचे शब्दही संशयाने वाचले जातात. सक्तीचे हे दुहेरी नुकसान आहे : नकार देऊ इच्छिणारीचा आवाज ती दडपते आणि स्वीकारणारीचा आवाज अविश्वसनीय करते.

५. भारत : वीस आठवड्यांची रेषा

भारतात शांतिलाल शहा समितीच्या १९६६ च्या अहवालानंतर वैद्यकीय गर्भपाताचा कायदा १९७१ साली संमत झाला आणि १९७२ पासून अमलात आला. त्याने गर्भातील गंभीर व्यंग हे कारण मान्य केले, पण मर्यादा २० आठवड्यांची ठेवली. गर्भातील व्यंगे शोधणारी तपशीलवार सोनोग्राफी साधारणपणे अठराव्या ते विसाव्या आठवड्यात होते, आणि हृदयाचे काही दोष त्यानंतरच स्पष्ट होतात. कायदा झाला तेव्हा हे तंत्र भारतीय रुग्णालयांत नव्हते. तंत्र आले तेव्हा ज्ञान आणि मर्यादा एकाच आठवड्यात येऊन भिडली.

दुसरीकडे, भारतात प्रसवपूर्व निदानाची सार्वजनिक चर्चा लिंगनिवडीच्या प्रश्नाने व्यापली. १९७० च्या दशकाच्या मध्यास दिल्लीत जनुकीय दोषांसाठी सुरू झालेल्या गर्भजलपरीक्षणाचा वापर लवकरच मुली टाळण्यासाठी होऊ लागला. १९८० च्या दशकात मुंबईतील स्त्रीसंघटनांनी त्याविरुद्ध लढा दिला, महाराष्ट्राने १९८८ साली देशातील पहिला प्रतिबंधक कायदा केला आणि १९९४ साली केंद्रीय कायदा आला. हा लढा अपरिहार्य होता. परंतु त्यामुळे मराठी साहित्यात आणि स्त्रीवादी चर्चेत सोनोग्राफीचे यंत्र मुख्यतः मुलगी शोधणारे यंत्र म्हणून अवतरले. हव्या असलेल्या मुलाच्या असाध्य व्यंगाची बातमी देणारे यंत्र म्हणून त्याची कथा मागे पडली.

२००८ साली मुंबईतील एक दांपत्य आणि त्यांचे डॉक्टर गर्भातील हृदयदोषाच्या कारणावरून, मर्यादा उलटल्यानंतर, मुंबई उच्च न्यायालयात गेले. याचिका फेटाळली गेली. त्यानंतर थोड्याच दिवसांत त्या स्त्रीचा गर्भ आपोआप पडला. जुलै २०१६ आणि जानेवारी २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मस्तिष्कहीनतेच्या प्रकरणांत २४व्या आठवड्यात परवानगी दिली. यांतील दुसरी स्त्री मुंबईची होती. २०२१ च्या दुरुस्तीने काही वर्गांतील स्त्रियांसाठी मर्यादा २४ आठवड्यांची केली, आणि वैद्यकीय मंडळाने गंभीर व्यंगाचे निदान केल्यास मर्यादाच लागू राहणार नाही असे ठरवले.

अशा रीतीने भारतीय स्त्रीचा या विषयावरचा शब्द प्रथम याचिकेत नोंदला गेला. याचिकेला स्वतःचे व्याकरण असते. अर्जदार तृतीयपुरुषात येते, शोक ‘मानसिक आघात’ या संज्ञेत मावतो, आणि मुलाचा उल्लेख व्यंगाच्या नावाने होतो. नवा कायदा गर्भपाताविषयी सविस्तर बोलतो. गर्भ वाढवण्याचे ठरवणाऱ्या स्त्रीला कोणती सेवा मिळावी, हा त्याचा विषय नाही. मुंबईच्या वांद्रे येथे १९८६ साली भारतातील पहिले हॉस्पिस, शांती आवेदना, उभे राहिले, ते कर्करुग्णांसाठी. त्या विचाराचा प्रसूतिगृहापर्यंतचा विस्तार मराठी भाषेत अजून सर्वमान्य नावही मिळवू शकलेला नाही.

६. कथनाची मालकी

केन्झाबुरो ओए यांचा मुलगा १९६३ साली मेंदूच्या गंभीर दोषासह जन्मला. १९६४ साली त्यांनी एका कथेत अशा मुलाला मरू दिल्यानंतर पित्याच्या मागे लागणारी त्याची छाया रंगवली, आणि त्याच वर्षीच्या ‘एक वैयक्तिक बाब’ या कादंबरीत पलायन करणारा पिता अखेर मुलाचा स्वीकार करतो. दोन्ही कृतींत द्वंद्व पित्याचे आहे. कादंबरीतील माता रुग्णालयात आहे आणि तिच्यापासून सत्य दडवले गेले आहे. ओरियाना फलाची यांच्या ‘कधीच न जन्मलेल्या मुलास पत्र’ (१९७५) या कृतीत याउलट केवळ मातेचा आवाज आहे. तिचा गर्भ पोटातच मरतो, आणि तरीही संबोधन थांबत नाही. गर्भाशी बोलणे भारतीय परंपरेला अपरिचित नाही. अभिमन्यू आणि प्रल्हाद यांच्या कथा त्यावरच उभ्या आहेत. पण तेथे गर्भाला शिकवले जाते, कारण त्याला भविष्य आहे. ज्याला भविष्य नाही त्याच्याशी काय बोलावे, या प्रश्नाला त्या कथांत उत्तर नाही.

मराठी घरात सातव्या महिन्यात डोहाळजेवण होते, ओटी भरली जाते, ‘मुलगा की मुलगी’ असा खेळ खेळला जातो. निदान ठाऊक असलेल्या स्त्रीने त्या पाटावर बसावे की नाही, बसल्यास आलेल्यांना काय सांगावे, आणि न बसल्यास त्या मुलाच्या वाट्याला एकही समारंभ येऊ नये काय, हे प्रश्न याचिकेत मांडता येत नाहीत. ते मांडण्यासाठी कथा, कविता किंवा आठवणच लागते. तुलनात्मक इतिहास एवढेच दाखवतो की असे लेखन कायद्याने दिलेल्या मोकळिकीनंतर येते, परंतु केवळ मोकळिकीने ते येत नाही. ऐकणारा समाजही लागतो. उत्तरेला विलापाची मुभा मिळाली ती मूल निश्चेष्ट जन्मल्यानंतर. त्याआधीच्या महिन्यांत तिला कोणी काही विचारले असते, तर महाकाव्यात एका पर्वाची भर पडली असती.